पहिली सफारी, व्हाया नान्नज आणि उजनी

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये टूम निघाली, सफारीला जाऊ या. कोणीच आधी कधी गेलेलं नाही. एकाला ताडोबा हवं होतं, एकीला थेट केनिया (तेही अप्रेझलच्या आधी!). अट मात्र सगळ्यांची एकच: थोडं जमिनीवर, थोडं पाण्यात. मी म्हटलं, मग माझ्याकडे सोलापूरला चला. दोन सेकंद शांतता. मग एकजण म्हणाला, "सोलापुरात काय बघायचं बे? चादरी?" (हे 'बे' त्याने माझ्याकडूनच उचललंय.)

झालं. पेटलो. घरी येऊन एक्सेल शीट उघडली. जमिनीच्या रकान्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य, पाण्याच्या रकान्यात उजनी. अंतरं, वेळा, खर्च वगैरे भरता भरता सहज म्हणून 'कधीपासून' असा एक रकाना टाकला आणि तिथेच अडकलो. अभयारण्य १९७९. धरण पूर्ण झालं १९८०. एकाच जिल्ह्यात, पाठोपाठच्या दोन वर्षांत, एक जागा पक्ष्यासाठी राखली गेली आणि दुसरी माणसांसाठी पाण्याखाली गेली. आज पक्षी बघायला लोक जातात ते दुसऱ्या जागी. हे कसं झालं, ते शोधत दोन वीकेंड गेले.

आधी माळढोक. मीटरभर उंचीचा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. उघड्या माळावर राहतो, जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एका वेळी एकच. म्हणजे बॅकअप नाही. दख्खनच्या पठारावर एके काळी हा किती असेल? रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारले अशी नोंद आहे. एका माणसाने! आज देशभरातल्या रानात मिळून दीडशेसुद्धा उरलेले नाहीत, त्यातले बहुतेक राजस्थानात. राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सालिम अलींचा कौल माळढोकला होता. १९६३ मध्ये मोर निवडून आला. मोराला कशाचीच कमतरता नव्हती, असो.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात नान्नजच्या माळावरचे माळढोक अभ्यासकांच्या नजरेत आले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं? ८,४९६ चौरस किलोमीटर. आख्खं सिक्कीम राज्य ७,०९६ आहे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, गावं, रस्ते, सगळंच अभयारण्यात. कागदावर. प्रत्यक्षात वनखात्याच्या ताब्यात होते ते माळाचे विखुरलेले तुकडे. बाकी हजारो शेतकऱ्यांच्या वाट्याला जमिनीच्या व्यवहारांवरची बंधनं आली आणि माळढोक म्हणजे कटकट असं समीकरण बसलं. ज्याच्या शेतात पक्षी उतरणार, त्यालाच तो नकोसा झाला. स्कोप एवढा मोठा धरला की डिलिव्हरीच अशक्य, असं आमच्या भाषेत म्हणता येईल. पुढे बरीच वर्षं घासाघीस होऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी यांनी नान्नजला माळढोकचा अभ्यास केला. गवताळ माळाला 'पडीक' समजणं हीच मोठी चूक, हे ते तेव्हापासून सांगत आले. माळ दिसला की झाडं लावायची, हे आपल्या डोक्यात फार घट्ट बसलंय. जंगल म्हणजे झाडं, हे समीकरण आम्हा सोलापूरकरांचंही. आमचे मारुती चितमपल्ली इथेच १९३२ मध्ये जन्मले, नोकरीची बरीच वर्षं विदर्भाच्या जंगलांत काढून सोलापुरात परतले आणि जून २०२५ मध्ये इथेच गेले. त्यांची पुस्तकं वाचून आम्ही मेळघाट, नवेगावची स्वप्नं बघितली. घरापासून वीस किलोमीटरवरच्या माळावर मात्र मी अजून एकदाही गेलेलो नाही!

माळाभोवतीची शेतंही बदलली. ज्वारी, करडई, तूर ही कोरडवाहू शेतं माळढोकला चालत, तिथे त्याला किडे-नाकतोडे मिळत. पाणी आलं तसा ऊस आला, द्राक्षं आली. सोनाका ही द्राक्षाची प्रसिद्ध जात याच नान्नजची, नानासाहेब काळे यांनी शोधलेली. ती खाताना वाईट वाटून घ्यायचं की अभिमान बाळगायचा, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यात विजेच्या तारा. माळढोकला समोरचं नीट दिसत नाही आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. नान्नजच्या गणनेत आधी दोन आकडी भरणारे माळढोक नंतर जेमतेम एखादा दिसण्यापर्यंत आले.

आता उजनी. यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते १९६६ मध्ये पायाभरणी, १९८० मध्ये पूर्ण. भीमाकाठची गावं उठली, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. पाणी फार खाली गेलं की ते अजूनही वर येतं. कालव्यांनी कोरडवाहू तालुके उसाचे केले. पक्ष्यांचा विचार करून हे धरण कोणीही बांधलेलं नाही. पण फुगवट्याच्या कडेला उथळ पाणी आणि चिखल तयार झाला आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायला लागले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. ज्या मच्छिमारांच्या होड्या चिलापीच्या जाळ्यांसाठी होत्या, त्याच आता भिगवण, कुंभारगावला पाहुण्यांना फिरवतात.

इथे प्लॅनिंगमधली खरी गोम आहे. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. बातम्यांमधला 'शून्य टक्के' म्हणजे रिकामं धरण नव्हे, त्याखालीही निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणून तर आमचं धरण 'उणे' जातं (बाहेरच्यांना हा विनोद वाटतो). २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. धरण शंभर टक्के भरलेलं असताना रोहितांना उभं राहायला उथळ जागाच नसते. पाणी उतरायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि ते जमतात. म्हणजे दिवाळीत जाऊन उपयोग नाही, जानेवारी ते मार्च बरा. उलट नान्नजला माळढोक बघायचा तर पावसाळा, तेव्हा नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही जमत नाही. मी फेब्रुवारी धरला.

शनिवारी पहाटे सोलापूरहून बार्शी रोडने नान्नज. तिथे वनखात्याच्या नियमांनुसार, गाइडबरोबर. काळवीट दिसतील, चंडोल, धाविक, नशिबात असेल तर लांडगा. दुपारी पुणे हायवेने भिगवणकडे, दीडशे किलोमीटर. जीपची हौस असलेल्यांसाठी वाटेत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, तिचं बुकिंग आधी करावं लागतं. रविवारी सूर्योदयाला होडी. ऊन चढायच्या आत परत, मग मासे. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. केनियावालीने यादी वाचून "ओके, इंटरेस्टिंग" एवढंच लिहिलं, पण नाव दिलं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसले. "त्यात काय बघायचंय रे? आम्ही एसटीने बार्शीला जायचो तेव्हा खिडकीतून दिसायचे की." किती? "मोजले कुणी? कोंबडीसारखे वाटायचे, मोठ्या." मग जरा थांबून म्हणाले, "मी पण येतो. गाडीत जागा आहे ना?"

जागा आहे. होडीचं मात्र वेगळं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळात उलटून सहा जण गेले. ते काही सहलीचे लोक नव्हते. धरणाने दोन काठ तोडले, रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून तिथली माणसं पाण्यातूनच ये-जा करतात. तेव्हा वारं असेल तर होडी रद्द, हे शीटमध्ये सगळ्यात वर लाल अक्षरात लिहिलंय. होडीवाल्याला विचारलं, लाइफ जॅकेट किती आहेत? म्हणाला सहा. आम्ही बाबांना धरून सात. सातवं पुण्याहून घेऊन जातोय.