महाभारतकथा व राजकीय चित्रपट

महाभारतातील प्रसंग, पात्रे व संघर्ष यांच्या आधारे समकालीन सत्ताकारणाचे दर्शन घडविणारा चित्रपटप्रकार. त्याच्या दोन पद्धती आढळतात : एक, कथा पौराणिक वेशातच ठेवून वर्तमानाकडे निर्देश करणे, दुसरी, कथेचा सांगाडा कायम ठेवून पात्रांना आधुनिक व्यवहारात उभे करणे. पहिल्या पद्धतीची मुळे मराठी रंगभूमीत आहेत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे कीचकवध हे नाटक १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे केसरीतील सहकारी. वंगभंगाचा क्षोभ तेव्हा ताजा होता व ज्याच्या कारकीर्दीत तो निर्णय झाला, तो लॉर्ड कर्झन १९०५ मध्येच परतला होता. नाटकाची कथा विराटपर्वातील : अज्ञातवासात सैरंध्री म्हणून राहिलेल्या द्रौपदीवर राजाचा मेहुणा व सेनापती कीचक हात टाकू पाहतो, युधिष्ठिर संयमाचा उपदेश करतो आणि भीम कीचकाचा वध करतो. इंग्रजांचे नाव नाटकात कोठेही नाही. तथापि कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. ते तपशिलाने लिहून ठेवले, ते लंडनच्या टाइम्सचे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी, इंडियन अनरेस्ट (१९१०) या आपल्या ग्रंथात. नाटकाचा मर्मज्ञ वाचक त्याच्या विरोधकांत निघावा, हा योग विरळाच. डिसेंबर १९०९ मध्ये नासिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा नाट्यगृहातच वध झाला. लगोलग १९१० मध्ये कीचकवधावर बंदी आली. ती १९२६ मध्ये उठली.

ही बंदी लागू असतानाच तीच कथा पडद्यावर आली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबूराव पेंटर दिग्दर्शित सैरंध्री हा मूकपट १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. टिळकांनी त्याचे कौतुक केले व पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. पुराणपटांतील स्त्रीभूमिका तोवर बहुधा पुरुष करीत. या चित्रपटात मात्र स्त्रिया होत्या. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले, की परिनिरीक्षकांनी त्यास आक्षेप घेऊन ते काढावयास लावले. आक्षेपाचे कारण म्हणून दृश्याची भीषणता पुढे करण्यात आली. मूकपटात राजद्रोही संवाद नव्हतेच. पण भीमाच्या हाताखाली कोण मरतो आहे, हे पुणेकर प्रेक्षकाला ठाऊक होते.

मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने भक्त विदुर (१९२१) मध्ये हा आडपडदाही जवळजवळ दूर केला. कांजीभाई राठोड यांनी दिग्दर्शित केलेल्या या मूकपटात कंपनीचे चालक द्वारकादास संपत यांनी साकारलेला विदुर खादी व गांधीटोपीत वावरतो. विदुर हा कौरवसभेत सत्य सांगणारा, पण सत्ता हाती नसलेला. त्या काळच्या गांधीजींशी त्याचे नाते जुळणे अगदी स्वाभाविक होते. मद्रास व कराची येथे चित्रपटावर बंदी घालण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर परकीय शत्रू उरला नाही व रूपकाची ही पद्धत मागे पडली. श्याम बेनेगल यांच्या कलियुग (१९८१) या हिंदी चित्रपटात दुसरी पद्धत पूर्णत्वास गेलेली दिसते. शशी कपूर यांची निर्मिती व गिरीश कार्नाड यांचा पटकथेतील सहभाग लाभलेल्या या चित्रपटात कुरुक्षेत्राची जागा उद्योगजगताने घेतली आहे. एकाच कुळातील दोन घराणी कंत्राटांसाठी व त्यापुढे जाऊन एकमेकांच्या नाशासाठी झुंजतात. द्रौपदीच्या विटंबनेच्या जागी प्राप्तिकर अधिकाऱ्यांची धाड येते व घरातील स्त्रीच्या खाजगी वस्त्रांची उलथापालथ होते. कर्णाच्या रथचक्राच्या जागी मोटारीचे चाक येते. ही रूपांतरे केवळ चातुर्याची नाहीत. मूळ कथेतील भरसभेतील अपमान येथे कायद्याच्या कागदपत्रांनिशी होतो, आणि त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिज्ञा करण्यास भीमालाही समोर कोणी सापडत नाही. पांडवपक्षाला निर्दोष ठरविण्याचे दिग्दर्शकाने टाळले आहे.

प्रकाश झा यांचा राजनीती (२०१०) प्रत्यक्ष निवडणुकीच्या राजकारणात शिरतो. त्याचे चित्रीकरण भोपाळ येथे झाले. महाभारताबरोबर गॉडफादरचाही प्रभाव त्यावर आहे, व तो काही ठिकाणी मुळाला झाकून टाकतो. कर्णाचे रूपांतर मात्र लक्षणीय. कुमारी मातेने सोडलेला व मोटारचालकाच्या घरी वाढलेला सूरज हा येथे दलित तरुण असून त्याला हवी असते पक्षाची उमेदवारी. मूळ कथेतील कुलाचा प्रश्न अशा रीतीने प्रतिनिधित्वाचा प्रश्न होतो. नाना पाटेकर यांनी केलेला ब्रिजगोपाल हा कृष्णस्थानी असून समरला तो सूरजवर गोळी झाडण्यास प्रवृत्त करतो. गीतोपदेशाचा हा प्रसंग फलाकांक्षेविना केलेल्या कर्मापासून फार दूर गेला आहे. ब्रिजगोपालला पुढचा मुख्यमंत्री कोण, याचे उत्तर हवे आहे.