ग्लाइड गेलं, कूडा आलं

मागच्या महिन्यात पुतण्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दुकानदाराने दोन काढून ठेवले. त्यातला एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाचा बारा हजारांनी स्वस्त होता. मी म्हटलं हाच द्या, तर पोरगा कानाशी लागला, "काका, एनव्हिडियाचाच लागेल. प्रॅक्टिकल सगळी कूडावर आहेत, दुसऱ्या कार्डावर ती चालतच नाहीत."

पैसे दिले. पण घरी येईपर्यंत डोक्यात १९९९ साल फिरत होतं.

तेव्हा मी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये संध्याकाळी मशीन जोडायला मदत करायचो. एक मित्र मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची सीडी घेऊन आला. इन्स्टॉल झाली, चालू केली, आणि स्क्रीनवर एकच ओळ: ग्लाइड२एक्स नावाची फाईल सापडत नाही. आम्ही सीडी पुसली. विंडोज दोनदा नव्याने टाकली. सीडीच खराब म्हणून मित्राने विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. सीडी चांगली होती. आमच्या मशीनमध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं कार्ड नव्हतं, एवढीच भानगड होती.

ही कंपनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. काढणारे तिघे इंजिनिअर आधी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये होते. १९९६ मध्ये त्यांच्या वूडू चिपची कार्डं बाजारात आली. मेमरीचे भाव नेमके त्याच सुमारास कोसळले, म्हणून ती घरगुती गिऱ्हाइकाला परवडली. मेमरी किती, तर ४ एमबी! शिवाय हे कार्ड फक्त थ्रीडीचं काम करायचं. साधं कार्ड वेगळं ठेवावंच लागे, आणि कॅबिनेटच्या मागून एकातून दुसऱ्यात वायर ओढावी लागे. पण गेम असा पळायचा की लोक तोंडात बोट घालायचे.

गेमला कार्डाशी बोलायला एक ठरलेली भाषा लागते. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ओपनजीएल नावाची भाषा आणली होती, पण ती महागड्या वर्कस्टेशनसाठी. थ्रीडीएफएक्सने त्यातलं गेमपुरतं तेवढं उचलून स्वतःची आटोपशीर भाषा केली. तिचं नाव ग्लाइड. ती फक्त त्यांच्याच कार्डाला कळायची. त्या वेळी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टथ्रीडी १९९६ मध्येच आली, पण तिची पहिली रूपं इतकी किचकट की 'क्वेक'वाल्या जॉन कारमॅकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीरपणे लिहून ती नाकारली आणि ओपनजीएल धरलं. बाकी एटीआय, एस३, रेन्डिशन, पॉवरव्हीआर, प्रत्येकाची बोली वेगळी. 'टूम रेडर' एकच गेम, पण कार्ड बदललं की पॅच वेगळा.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. एनव्हिडियाची पहिली चिप एनव्ही१, साल १९९५. बाकीचे चित्र त्रिकोणांतून उभं करत होते, हिने वक्र पृष्ठभागांची वेगळी वाट धरली. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टथ्रीडीत त्रिकोण पक्के केले आणि एनव्ही१ एकटी पडली. कंपनी बुडायच्या बेतात होती. तिथून ती सावरली ती १९९७ च्या रिव्हा १२८ ने, आणि ही चिप बनवताना त्यांनी हट्ट सोडून डायरेक्टथ्रीडीला जे हवं तेच केलं. म्हणजे आज जगाला चिपा विकणारी ही कंपनी दुसऱ्याच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या भाषेच्या आधाराने जगली.

पुढचं झरझर घडलं. डायरेक्टथ्रीडी दर आवृत्तीला सुधारत गेली. गेमवाल्यांनी हिशेब केला: एकदा लिहायचं आणि सगळ्या कार्डांवर विकायचं, की एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकांपुरतं? इकडे डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. कार्डं आता आपणच विकणार! झालं, इतके दिवस त्यांच्या चिपा घेणारे कार्डवाले एनव्हिडियाकडे वळले. ग्लाइडचे गेम दुसऱ्या कार्डांवर चालवून देणारे दुभाषी प्रोग्राम निघाले होते, त्यांच्यावर कंपनीने वकील सोडले. डिसेंबर १९९९ मध्ये ग्लाइडचा सोर्स कोड खुला केला, पण तोवर उशीर झाला होता. डिसेंबर २००० मध्ये कंपनीची मुख्य मालमत्ता विकत घेतली ती एनव्हिडियानेच. २००२ मध्ये दिवाळखोरी.

मायक्रोसॉफ्टला इथे हार घालायचं कारण नाही. कार्ड कोणतंही चाललं, पण विंडोज पाहिजेच. एक कुंपण पडलं ते दुसरं घालून. लिनक्सवाल्यांना विंडोजचे गेम धड चालवता यायला पुढे वीसेक वर्षं गेली, आणि तेही डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कनमध्ये भाषांतर करूनच.

आता कूडा. २००६ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करून घ्यायची ही भाषा, फक्त त्यांच्याच कार्डांसाठी. सगळ्या कंपन्यांसाठी ओपनसीएल नावाचा खुला पर्याय २००८ मध्ये आला, पण कूडाइतका रुजला नाही. कारणही रास्त आहे. एनव्हिडियाने कूडावर खरोखर मेहनत घेतली, पुस्तकं, उदाहरणं, तयार साधनं दिली. पण कूडाच्या परवान्यात एक कलम असं आहे की त्यातून निघालेला माल भाषांतर करून दुसऱ्यांच्या चिपांवर चालवायला बंदी. थ्रीडीएफएक्सच्या वकिलांची आठवण आली की नाही?

हे आपल्या पैशाचंही आहे, म्हणून एवढं लिहितोय. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मिशनला १०,३०० कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. त्यातून पहिल्या फेरीत ज्या चिपा उपलब्ध झाल्या त्यात बहुसंख्य एनव्हिडियाच्या. आज त्यांच्याइतकं तयार दुसरं काही नाही, हे मान्य. पण त्या चिपांवर आपली पोरं जे लिहितील ते पाच वर्षांनी दुसऱ्या, स्वस्त चिपेवर हलवता येईल का, हा प्रश्न चर्चेत कुठे दिसत नाही. रस्त्याच्या टेंडरात खडी कुठली हे आम्ही पत्रकार खोदून विचारतो, इथे मात्र किती हजार चिपा एवढंच छापतो. मीही तेच छापलं होतं.

यात माझं दुखणं आहे. आमच्या साप्ताहिकाचे २००५ च्या आधीचे अंक ज्या फाँटमध्ये आहेत तो युनिकोडचा नाही. फाईल उघडली की अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. एका सरपंचाच्या जमिनीच्या प्रकरणात वकिलांना जुनी बातमी हवी होती. शेवटी छापील अंकाचा वाळवी लागलेला गठ्ठा सोडून झेरॉक्स दिली.

पुतण्याला ही सगळी कहाणी सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि रात्री एका हौशी प्रोग्रामरने फुकट दिलेला ग्लाइडचा दुभाषी त्या नव्या लॅपटॉपवर टाकला. मित्राकडे ती सीडी अजून होती. सव्वीस वर्षांनी शर्यत सुरू झाली, एनव्हिडियाच्या कार्डावर. आवाज मधूनमधून अडकत होता. मी पहिल्याच वळणावर गाडी खड्ड्यात घातली.