औषध माशाला की पाण्याला? आजारी गोल्डफिशच्या शुश्रूषेचा इतिहास

#धागा

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे भरे हे गाव लागते. गेल्या पावसाळ्यात तेथे आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीचा गोल्डफिश आजारी पडला. काचेचा गोल वाडगा, तळाशी रंगीत खडे आणि पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकणारा तो जीव. शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. घरातील प्रत्येकाने एकेक उपाय सुचवला. सगळे पाणी बदला, चिमूटभर हळद टाका, नाहीतर मुळेत सोडून द्या. तिचा प्रश्न मात्र सरळ होता : "काका, याचं औषध कुठे मिळतं?" त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो येथे मांडतो.

गोल्डफिश हा मूळचा चीनचा. करड्या रंगाच्या एका सामान्य माशातून क्वचित निपजणारे लालसर-सोनेरी मासे तेथील लोकांनी वेगळे राखले आणि सोंग राजवटीत (९६०–१२७९) ते बागांतील तळ्यांत पाळले जाऊ लागले. पाळीव प्राणी म्हटला की त्याचे आजारपणही आपल्याकडेच येते. कवी सू शी (१०३७–११०१) याच्या नावावर चालणाऱ्या, पण बहुधा त्याचा नसलेल्या एका संग्रहात म्हटले आहे की मासा रोडावला आणि त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले, तर ती 'ऊ' समजावी आणि विशिष्ट झाडाची साल पाण्यात टाकावी.

या नोंदीत महत्त्वाचे काय? निदान चुकीचे आहे, ते ठिपके म्हणजे उवा नव्हेत. पण साल माशाला चोळायची नाही, खाऊ घालायची नाही. ती पाण्यात टाकायची आहे.

साधारण त्याच सुमारास आपल्याकडे काय होते? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६–११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात हत्ती आणि घोडे यांचे सविस्तर विवेचन आहे, आणि माशांवरही एक प्रकरण आहे. मात्र ते 'मत्स्यविनोद' आहे. माशांना कोणते गोळे चारावेत हे त्यात बारकाईने सांगितले आहे, पण ते त्यांना गळाला लावण्यासाठी. राजाचा मासा धष्टपुष्ट व्हायचा तो पकडला जाण्यापुरता.

पांढऱ्या ठिपक्यांचा खरा कर्ता ओळखला जायला १८७६ साल उजाडावे लागले. फ्रेंच संशोधक फूके याने त्या एकपेशीय परजीवीचे वर्णन केले. त्याचे नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. ग्रीक भाषेत या नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ 'माशाची ऊ' असाच होतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. हा जीव माशाच्या त्वचेखाली शिरून बसतो. तेथे असेतोवर कोणतेही औषध त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि त्यातून शेकडो सूक्ष्म पिल्ले बाहेर पडतात. त्यांना दोन-एक दिवसांत नवा मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाला सापडतात ती हीच, म्हणजे पाण्यात पोहत असताना. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारा माणूस आठवड्याने पुन्हा रडत येतो. सालीचा तो जुना उपाय कितपत गुणकारी होता हा वेगळा प्रश्न, पण औषध कोठे टाकायचे हे त्या अज्ञात चिनी लेखकाला बरोबर कळले होते.

आता लंडन, १८४९. औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ असलेला रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या टाकीत पाणी, वाळू व दगड घातले, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. त्याचा कयास असा होता की वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू सोडतील, आणि दोघांचे परस्परांवर भागेल. काही दिवस भागले. मग वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, मासे धोक्यात आले.

त्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने पाणी ओतून दिले असते. वॉरिंग्टनने टाकीत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले, मासे सावरले. हा वृत्तान्त त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केला आणि घरगुती मत्स्यपेटीच्या छंदाला शास्त्राचा आधार मिळाला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले.

तरीही वॉरिंग्टनच्या हिशोबात एक मोठी रक्कम लिहायची राहिली होती : अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अहोरात्र सोडत असतो, आणि न खाल्लेले अन्न कुजूनही तो तयार होतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसते, आत मात्र कल्ले जळत असतात. मातीत आणि पाण्यात अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू असतात, हे सेर्गेई विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमारास ते वेगळे काढून दाखवले. मत्स्यपेटीतील खडे, वाळू, फिल्टरचा स्पंज यांवर हेच जीवाणू वस्ती करतात. भरेच्या त्या घरात दर रविवारी खडे नळाखाली घासून लख्ख केले जात होते. माशाची सेवा म्हणून! जीवाणूंची वस्ती प्रत्येक वेळी धुऊन जात होती आणि मासा पुन्हा अमोनियात पडत होता.

मिठाचा उपाय मासे पाळणाऱ्यांत फार जुना आहे. त्याचे कारण पुढे कळले, आणि ते सुंदर आहे. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरते आणि ते बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते. आजारात हा भार सोसवत नाही. थोडे मीठ तो हलका करते. शिवाय नायट्राइट कल्ल्यांत ज्या वाटेने शिरते त्याच वाटेने मिठातील क्लोराइडही शिरते, म्हणून क्लोराइड भरपूर असले की नायट्राइटला वाट मिळत नाही. प्रमाण लिटरला एक ते तीन ग्रॅम, तेही एकदम नव्हे, दोन दिवसांत विभागून.

क्लोरिनची गोष्टही सांगायला हवी. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरिन मिसळायला सुरुवात केली आणि हळूहळू जगभर ती प्रथा झाली. त्यामुळे असंख्य माणसे वाचली. गोल्डफिशच्या वाट्याला मात्र एक नवा विषार आला. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरिनविरोधी थेंब घालावेत ते यासाठी. बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी. त्यात क्लोरिन नसतो, पण जमिनीखालून ताजे आलेल्या पाण्यात प्राणवायूही बहुधा कमीच असतो. ते बादलीत खळखळवून घ्यावे लागते.

मुंबईकरांना प्रशस्त मत्स्यपेट्या १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालयाने दाखवल्या. मध्यमवर्गीयांच्या घरी आला तो मात्र गोल वाडगा. त्याचे तोंड अरुंद, म्हणून हवेशी संपर्क कमी. पाणी थोडे, म्हणून अमोनिया लवकर साचतो. इटलीतील मोन्झा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये अशा वाडग्यांवर बंदी घातली. ती बातमी आपल्याकडे चेष्टेने वाचली गेली असावी. पण इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला. 'हे मासे महिनाभरच टिकतात' असे म्हणताना आपण माशाविषयी नव्हे, वाड्यग्याविषयी बोलत असतो.

राहिला तिसरा सल्ला, मुळेत सोडण्याचा. तो दयेने दिला जातो, म्हणून त्याचा राग येत नाही. पण १९७१ मध्ये जपानात नोंदली गेलेली माशांच्या व्रणांची साथ देशोदेशी पसरत १९८८ मध्ये भारतात पोहोचली आणि तळ्यातले मासे अंगावर जखमा घेऊन मेले. माशांची ने-आण हे अशा प्रसाराचे एक मोठे कारण मानले जाते. तेव्हाही उपाय पाण्यावरच झाला : तळ्यांत चुना टाकण्यात आला. आणि मुळा काही रिकामी नदी नाही. कर्नल साइक्स याने १८३० च्या दशकाअखेर दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा मुळा-मुठेतल्या महसीर माशाला त्याने शास्त्रीय नावातही मराठी बोलीतलेच 'खुद्री' हे नाव दिले. बाजारातून आणलेला आजारी मासा नदीत सोडणे म्हणजे त्या खुद्रीच्या घरात साथीचा रुग्ण नेऊन ठेवणे.

आम्ही भरेत काय केले? वाडगा बाजूला ठेवला आणि चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब घेतला. जुने थोडे पाणी त्यात ठेवून खळखळवलेले पाणी तासातासाने मिसळले, म्हणजे माशाला तापमानाचा धक्का बसला नाही. एअर पंप लावला. तीन दिवस खाणे बंद. मुलीच्या आजीला हे उपासाचे प्रकरण सर्वांत आधी पटले. मीठ मोजून टाकले, आणि ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवले. पाचव्या दिवशी मासा तळाशी जाऊन खडे उचकू लागला.

टब अजून ओट्यावर आहे. दर रविवारी चौथाई पाणी बदलले जाते, खडे त्याच बदललेल्या पाण्यात नुसते विसळले जातात, आणि खाणे किती टाकायचे यावरून आजी व नात यांचे अजूनही भांडण होते.