व्हेजिटा
जपानी चित्रकथाकार आकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ (१९८४–९५) या मांगातील, म्हणजे जपानी चित्रकथामालिकेतील (पहा : मांगा, ॲनिमे), नायक गोकूचा प्रतिस्पर्धी. सायान या लढवय्या वंशाच्या या राजपुत्राचा अभिमान आरंभी जन्मसिद्ध श्रेष्ठत्वावर उभा असून हीनकुलीन मानलेल्या गोकूकडून होणारी पीछेहाट त्याला असह्य होते. तथापि सायानांचा संहार करणाऱ्या फ्रीझा या जुलमी सत्ताधीशाच्या हातून मरताना वंशाचा सूड घेण्याची विनवणी तो अश्रू ढाळत त्याच गोकूला करतो. पुनरुज्जीवित झाल्यावर, माजिन बू या राक्षसाच्या प्रकरणात जुने क्रौर्य परत मिळवण्यासाठी तो बाबिडी या मांत्रिकाच्या अधीन होतो, परंतु अखेर पुत्र ट्रंक्स व पत्नी बुल्मा यांच्यासाठी प्राणार्पण करतो. पुढे परलोकातून परतल्यावर गोकूचे श्रेष्ठत्व तो स्वीकारतो, तेही पराभूत होऊन नव्हे, तर गोकूची बूशी झुंज पाहताना स्वगतातून. व्यक्तिरेखेच्या जडणघडणीत हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा होय.