देगलूरचे विद्यार्थी व प्रवेशाची देवडी

देगलूर हें गांव नांदेडाहून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावर, लेंडी नदीच्या परिसरांत वसलेलें आहे. घरीं मराठी, बाजारांत तिच्या जोडीस तेलुगू व कानडी, आणि निजामी अमदानींत कचेरींत उर्दू, अशी येथली भाषांची रहाटी असे. अशा गांवांतला मुलगा शाळेचा शेवटचा वर्ग ओलांडून वरच्या शिक्षणास निघाला म्हणजे त्यास कोणत्या दारांत व कोणत्या अटीवर उभें राहावें लागलें, ही हकीकत आम्हांस पुष्कळ दिवसांपासून लिहावयाची होती. प्रवेशाची गोष्ट निघाली कीं लोक गुणांविषयीं बोलतात. परंतु ज्या देवडीवर ते गुण मोजले जातात ती कोणीं व कोठें बांधली, हेंही पाहिलें पाहिजे. आणि देगलूरकरांच्या बाबतींत ती देवडी गेल्या शंभर वर्षांत वारंवार हललेली आहे.

हैदराबाद संस्थानांत १८८७ सालीं निघालेलें निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठास जोडलेलें व इंग्रजी माध्यमाचें होतें. पुढें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. परकी भाषा टाकून देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, आणि त्याच्या भाषांतर-खात्यानें शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्याचें जें काम केलें त्याची थोरवी आम्ही मनापासून मान्य करतों. अडचण एवढीच कीं, ती देशी भाषा प्रजेपैकीं थोड्यांचीच होती. तेलुगू, मराठी व कानडी बोलणारे मिळून संस्थानांतील लोकांचा फार मोठा भाग होत असे. देगलूरच्या मुलास गणित काय, इतिहास काय, सर्व उर्दूंतून शिकावयाचें, आणि शिवाय इंग्रजी सक्तीची. ज्या परीक्षेनें त्याची बुद्धि पाहावयाची, तिच्यांत आधीं त्याची उर्दू पाहिली जाई. हैदराबादेंत मराठी मंडळींनीं १९०७ सालीं विवेकवर्धिनी शाळा काढली होती. परंतु शाळा आपली असली तरी कॉलेज आपलें नव्हतें. १९२३ सालीं औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज झालें. पदवीसाठीं मात्र हैदराबाद गांठावें लागे, किंवा ऐपत असल्यास संस्थानाबाहेर पुण्या-नागपुराकडे जावें लागे.

१९३८ च्या अखेरीस तर मिळालेला प्रवेशही हातचा गेला. वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियांतील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें आपलीं दारें त्यांना उघडलीं. पुढें देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या प्रसंगीं नागपुरास गेलेल्यांपैकींच होत.

१९४८ नंतर उर्दूची सक्ती गेली व तिच्या जागीं इंग्रजी आली. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, आणि देगलूरच्या मुलास प्रथमच आपल्या जिल्ह्यांत कॉलेज मिळालें. (इंटरच्या परीक्षेंत वारंवार नापास झालेले नरहर कुरुंदकर पुढें याच कॉलेजाचे प्राचार्य झाले, हें येथें सहज नमूद करतों.) २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील पुढाऱ्यांनीं एकत्र येण्याच्या ज्या अटी त्यांत लिहिल्या, त्यांपैकीं एक आमच्या विषयाशीं थेट संबद्ध आहे: धंदेशिक्षण व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांत प्रत्येक भागाच्या मुलांस लोकसंख्येच्या प्रमाणांत पुरेशी सोय असावी. वाचकांनीं ‘लोकसंख्येच्या’ हा शब्द ध्यानांत ठेवावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं संस्थानाचे तुकडे झाले. नांदेड जिल्हा मुंबई राज्यांत आला. परंतु देगलूर तालुका सबंध आला नाहीं. त्यांतलीं बिचकुंदा व जुक्कल हीं दोन मंडळें निजामाबाद जिल्ह्यास, म्हणजे आंध्र प्रदेशास, जोडलीं गेलीं. एकाच तालुक्यांतल्या, एकाच आठवडे-बाजारास येणाऱ्या दोन घरांचीं मुलें यापुढें दोन निरनिराळ्या देवड्यांवर उभीं राहणार होतीं. १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें आंध्रांत ८५ टक्के जागा त्या त्या विद्यापीठ-क्षेत्रांतील स्थानिक विद्यार्थ्यांकरितां राखल्या गेल्या. जुक्कलचा मुलगा उस्मानिया विद्यापीठाच्या क्षेत्रांतला, म्हणजे हैदराबादच्या भरलेल्या शिक्षणसंस्थांत तो स्थानिक ठरला. देगलूरच्या मुलास तेंच हैदराबाद मुंबईहून कितीतरी जवळ. पण तेथें तो परका झाला.

इकडे त्याच्या वांट्यास काय आलें? १९५६ सालीं औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय कॉलेज निघालें, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. वैद्यकीय जागा विद्यापीठांच्या क्षेत्रांप्रमाणें वांटल्या जात. १९८६ सालीं निदमर्ती महेशकुमार यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही वांटणी समतेच्या तत्त्वास सोडून असल्याचें ठरविलें. मात्र प्रदेशांतील मुलांसाठीं फार तर ७० टक्के जागा ठेवण्यास मुभा दिली. पुढें राज्यांत रूढ झालेला ७०:३० चा नियम तो हाच. आणि येथेंच, आमच्या मतें, मूळची मेख आहे. करारानें जें वचन दिलें तें लोकसंख्येच्या मापानें. नियमानें जें हातीं दिलें तें प्रदेशांत जितकीं कॉलेजें असतील त्यांच्या मापानें. मराठवाड्यांत २०२० पर्यंत सरकारी वैद्यकीय कॉलेजें औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड व लातूर हीं चारच. थोड्या जागांचे सत्तर टक्के थोडेच. ढाल म्हणून दिलेली वस्तु अशा रीतीनें भिंत झाली.

भिंत झाली हें लोकांच्या ध्यानांत आलें तें लातूरमुळें. तेथल्या राजर्षि शाहू, दयानंद इत्यादि कॉलेजांतील शिक्षकांनीं जादा तास, एकामागून एक सराव-परीक्षा, मुलासमोर उत्तरपत्रिका उलगडून दाखविलेल्या चुका, अशा निव्वळ कष्टाच्या मार्गानें बारावीचे निकाल उंचावर नेले, व ‘लातूर पॅटर्न’ हें नांव राज्यभर झालें. ही घोकंपट्टी आहे असा आक्षेप घेतला जातो, व तो अगदींच खोटा नाहीं. पण ज्यांच्या गांवीं प्रयोगशाळा चांगली नाहीं व घरीं विचारावयास कोणी नाहीं, त्यांनीं आणखी काय करावयाचें होतें? पुढें बारावीचे गुण मागें पडून राज्याची प्रवेश-परीक्षा आली, आणि २०१७ पासून सबंध देशाची नीट. दरवेळीं देवडी बदलली व दरवेळीं लातूर-नांदेडाच्या वर्गांनीं नवी रीत आत्मसात केली. नीटचा पेपर मराठींत मिळूं लागला खरा. परंतु बारावीचें शास्त्र बहुतेक ठिकाणीं इंग्रजींतूनच शिकविलें जातें, त्यामुळें तो घेण्यास मुलें धजत नाहींत. उर्दूच्या काळची गोष्ट येथें वाचकांस आठवेल.

चांगले गुण असूनही जागा नाहीं, आणि इतर प्रदेशांत त्याहून कमी गुणांवर प्रवेश, अशी तक्रार वाढत जाऊन सप्टेंबर २०२० मध्यें ७०:३० चा नियम रद्द झाला. तो रद्द व्हावा ही मागणी मराठवाड्यांतूनच जोरानें झाली होती. आम्हांस ती न्याय्य वाटली व आजही वाटते. तथापि १९५३ चें वचन त्यानें पुरें झालें असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. मुलास किंवा मुलीस दोन वर्षें लातुरास ठेवावयाचें म्हणजे खोलीचें भाडें, खाणावळ व शिकवणीची फी. देगलूर तालुक्यांतल्या कोरडवाहू शेतकऱ्यास हा जमाखर्च जमिनीचा तुकडा गहाण टाकल्याविना क्वचितच जुळतो. ज्यांचा जुळतो त्यांचीं मुलें जूनमध्यें पेटी-वळकटी घेऊन नांदेडच्या किंवा लातूरच्या एस्. टी. त बसतात. बाकीचीं गांवांतल्याच कॉलेजांत नांव घालतात. आणि गुणवत्तेच्या याद्या लागल्या म्हणजे त्यांच्याविषयीं कोणी कांहीं विचारीत नाहीं.