कातडीवर उरलेली नोंद

उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, १९२९ साली गुरांच्या अंगावर लम्पी रोगाच्या गाठी उठू लागल्या, तेव्हा ही साथ असावी असे पशुवैद्यांना वाटलेच नाही. कुणी विषारी चाऱ्याला दोष दिला, कुणी कीटकांच्या चाव्यांना. (पुढे चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड हेच या विषाणूचे वाहक ठरले, संशयित बरोबर होते, आरोप तेवढा चुकला.) रोग संसर्गजन्य असल्याचे ध्यानात यायला १९४३ ची बेचुआनालँडमधली, म्हणजे आजच्या बोत्स्वानातली, साथ यावी लागली. पुढच्याच वर्षी तो दक्षिण आफ्रिकेत शिरला आणि १९४९ पर्यंत सुमारे ८० लाख गुरांना त्याची बाधा झाली. इतक्या वर्षांच्या या गाफिलपणामागे निव्वळ अज्ञान होते असे मला वाटत नाही. १८९६-९७ च्या बुळकांडीने त्या मुलखातले कळपच्या कळप संपवले होते. ती आठवण असलेल्यांकडे रोग मोजायला एकच माप होते: मेली किती? लम्पीत बहुधा शंभरातली एक ते पाच जनावरे दगावत. उरलेली उठून चरू लागत, आणि रोग किरकोळ ठरे.

नुकसानीची खरी नोंद राही ती कातडीवर. लम्पीची गाठ वरवरची नसते. ती कातडीच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, कधी खालच्या मांसापर्यंत. तिथल्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, मधला भाग मरतो आणि भोवतीच्या जिवंत कातडीपासून सुटून बुचासारखा गळून पडतो. जखम भरते, वर केस उगवतात, बाजारात जनावर धडधाकट दिसते. वण उघडा पडतो तो कातडे चुन्याच्या कुंडीत भिजवून केस काढल्यावर. कुठे खळगा, कुठे भोक. वरचा गुळगुळीत थर गेलेल्या जागी कितीही हिरडा-बाभूळ वापरली तरी चामडे एकसारखे होत नाही.

दुधाच्या, गाभडण्याच्या तोट्यापुढे कातड्याची किंमत ती काय, असे कुणी म्हणेल. पैशांत ते खरे आहे. पण दुधाचा तोटा मालकाला त्याच आठवड्यात कळतो. कातड्याचा तोटा काही वर्षांनी अशा माणसाच्या पदरी पडतो, ज्याने ते जनावर जिवंतपणी पाहिलेलेही नसते. त्याची तक्रार रोगाच्या खात्यात जमा होणार कशी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२२ मध्ये राजस्थान-महाराष्ट्रात गुरे मोठ्या संख्येने मेली, तेव्हा मृत्यू मोजणेच योग्य नव्हते का? होते. महाराष्ट्रात मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली. मेलेली जनावरे चुना टाकून खोल पुरायची हेही रोग रोखायला आवश्यकच होते. मात्र पाय सुजून ऐन हंगामात जू न झेपणाऱ्या, पण जगलेल्या बैलाला या दरपत्रकात रकाना नव्हता. कातड्याचीही तीच गत. म्हशीला हा रोग कमी होतो, त्यामुळे म्हशीच्या कातड्यावर चालणाऱ्या कोल्हापुरी चपलेच्या धंद्याला झळ कमी बसणार. गाय-बैलाच्या कातड्याचे तसे नाही: २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे इथले गाय-बैलाचे कातडे मिळणार ते आपसूक मेलेल्या जनावराचेच. त्या साथीतून वाचलेली गुरे म्हातारी होऊन मरतील, तेव्हा त्या वणांची भरपाई ते कातडे कमावणाऱ्याला कुणी देणार नाही.