रुळांखालचं लाकूड परसात येतं तेव्हा

आजची गोष्ट माझ्या इंदूरच्या परसातून सुरू होते. भंगारवाल्याकडून मी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणले आणि मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना त्यांची कड केली. उरलेले तुकडे आईने बंबात घालायला काढून ठेवले. चैत्राचं ऊन चढलं तसा स्लीपरमधून काळा, डांबरासारखा वास येणारा द्रव पाझरू लागला. तेव्हा कुठे मी या लाकडाचा इतिहास वाचायला बसलो.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे रूळ वाढत गेले, तशी स्लीपरसाठी जंगलं भराभर पडू लागली. १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखातं उभं राहिलं, त्यामागे हीसुद्धा चिंता होती. साग आणि साल मुळातच टिकाऊ. चीडसारखं लाकूड मात्र ओलीने कुजायचं, त्याला वाळवी लागायची. त्यावर इंग्लंडमध्ये उपाय निघाला होता. १८३८ साली जॉन बेथेल यांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारं क्रिओसोट दाब देऊन लाकडात मुरवण्याचं पेटंट घेतलं होतं. माझ्या वाफ्यात पाझरत होतं ते हेच.

दुसरा उपाय मात्र आपल्याच देशातला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक किडे आणि वाळवी रोखतं, क्रोमियम दोघांना लाकडाच्या तंतूंत जखडून ठेवतं. हे हिरवट झाक असलेलं लाकूड पुढे जगभर खांब, कुंपणं आणि घरांच्या ओट्यांसाठी वापरलं गेलं.

पण जे किड्याला मारतं, ते माणसाला सोडेलच असं नाही. आर्सेनिक कर्करोग घडवतं, क्रिओसोटवरही तसाच संशय आहे. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी आर्सेनिकयुक्त लाकूड बनवणं थांबलं. युरोपातही जिथे अंगाला वारंवार स्पर्श होईल अशा बागांत आणि खेळाच्या जागी क्रिओसोटचे जुने स्लीपर वापरायला मनाई झाली.

सगळ्यात मोठा धोका जाळण्यात आहे. आर्सेनिक राखेत उरतं, काही धुरातूनही जातं. आपल्याकडे राख भांड्यांना लागते, झाडांच्या मुळाशी जाते. म्हणून बंबाजवळचा तो ढीग मी आधी हलवला.

मग पुढचं काम. भाजीचे वाफे विटांनी बांधले आणि त्यांतली माती बदलली. जुन्या जागी आता झेंडू आहे. स्लीपर कुंपणालगत, मुलं बसणार नाहीत आणि भाजी लागणार नाही अशा ठिकाणी पायऱ्यांना लावले. कापताना घराबाहेर, तोंडाला मास्क, हातात मोजे. भुसा पोत्यात गोळा केला, खतात टाकला नाही. नंतर हात साबणाने धुतले, कपडे वेगळे धुतले.

तुम्हीही जुनं लाकूड आणाल तर आधी विचारा, ते कशात मुरवलंय? उत्तर मिळालं नाही, तर ते मुरवलेलंच आहे असं धरा. काळं, वासाचं किंवा हिरवट दिसलं, तर भाजीपासून आणि चुलीपासून लांब ठेवा.

आई म्हणाली, "शंभर वर्षं टिकावं म्हणून केलेलं लाकूड, ते सहजासहजी कसं निरुपद्रवी होईल?" एवढा इतिहास वाचून मीही तिथेच पोचलो होतो.